तांब्याचं तोंड

गोपालनं काढलेला तांब्या पाहिला की घसा कोरडा पडतो, असं सगळं गाव म्हणे. गावाला पराचा कावळा करायची सवय होतीच, पण ह्या बाबतीत गाव खोटं बोलत नव्हतं. शेजारच्या सोजरबाईनं उभ्या जन्मात कशाला बरं म्हटलं नव्हतं. ती चित्रापुढं उभी राहिली आणि तिचा हात आपसूक पुढं गेला. बोटं काचेवर आपटली तशी ती ओशाळली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, की भीमपूरच्या बाजारातून पारखून आणला तरी इतका तांब्यासारखा तांब्या मिळायचा नाही.

चित्र होतं साध्या पेन्सिलीचं. जाड पांढरा कागद, त्यावर लाकडी स्टूल, स्टुलावर पितळी तांब्या, आणि मागं नुसता कोरा कागद. जयवंताबाईला चित्रातलं काही कळत नव्हतं. पण त्या तांब्यातलं तिला जेवढं कळत होतं तेवढं जिल्ह्यात कुणाला कळत नसेल. चाळीस वर्षं तिनं तो चिंच आणि राखेनं घासला होता. विहिरीच्या काठावर आपटून पोटाला पडलेला पोचा चित्रात जिथल्या तिथं होता. काठाखालचा काळा डाग, जिथं चिंच कधी पोचत नसे, तोही होता. गळ्यावर ठोकून घातलेलं तिच्या बापाचं नाव होतं, आणि वळणावर शेवटची अक्षरं मागं जाऊन दिसेनाशी होत होती, खऱ्या तांब्यावर व्हायची तशी. आणि पोटावर पाण्याचे थेंब. त्यातला एक ओघळायच्या बेतात थांबलेला. पाहणारा प्रत्येक जण त्या थेंबाशी येऊन अडकायचा.

कुणी थेंबांची तारीफ करायला लागलं की जयवंताबाई काहीतरी निमित्त काढून चुलीकडं निघून जायची. कारण तो तांब्या रिकामा होता, आणि हे साऱ्या दुनियेत तिला एकटीला माहीत होतं.

गोपाल तिचा एकुलता एक मुलगा, धंद्यानं पेंटर. भीमपूरकडं दुकानांच्या पाट्या मराठीत, नार्नूरकडं तेलुगूत, व्यापारी सांगेल तर हिंदीत. तिन्ही लिप्या तो अशा ओढायचा की वाचता न येणारा माणूसही पाटीपुढं थबकायचा. मग फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही, तो घरी बसून कागदावर काढू लागला. पण अठ्ठाविसाव्या वर्षी किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा आदिलाबादला नेऊन मशीनवर रक्त धुवायचं आणि घरी येऊन पडायचं, एवढंच मग उरलं. डॉक्टरांनी पाणी तोडलं. दिवसाला दोन पेले, तेही चहा आणि वरण धरून.

ज्याला दोन पेल्यांत दिवस काढावा लागतो त्याला पाण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. एका दुपारी ती कापूस वेचून येईपर्यंत गोपालनं उशाचा तांब्या उचलून घटाघटा रिकामा केला. संध्याकाळपर्यंत छातीत पाणी झालं, श्वास पुरेना. ऑटोत घालून नेला म्हणून वाचला. त्या दिवसापासून तिनं घरातलं पाणी त्याच्यापासून लपवलं. माठ न्हाणीत गेला, घागरी सोजरबाईच्या ओट्यावर गेल्या. पोटच्या पोरापासून पाणी लपवायची वेळ वैऱ्यावर येऊ नये, ती तिच्यावर आली.

तेव्हा गोपालनं एकच मागितलं. "माय, पेत नाई मी. तांब्या नुसता भरून समोर ठेव. डोयाले थंड वाटते."

तिनं हो म्हटलं, आणि दुसऱ्या सकाळी रिकामा तांब्या स्टुलावर ठेवला, त्याचा हात पोचणार नाही इतका लांब. गार पाणी भरलेल्या भांड्याला घाम येतो हे तिला माहीत होतं. इंजेक्शनं ठेवायला लहानसा फ्रिज घेतला होता, त्यातून काढलेल्या औषधाच्या बाटलीवर तिनं ते रोज पाहिलं होतं. म्हणून ती सकाळी ओल्या बोटांनी तांब्यावर पाणी शिंपडायची. "भरला का, माय?" तो विचारायचा. "भरला, लेका," ती म्हणायची. "आता बरं वाटते," असं म्हणून तो कुशीवर वळायचा आणि उशाखालची पेन्सिल काढायचा. सव्वा महिना तो ते एकच चित्र काढत होता. चैत्रात गेला. शेवटच्या घटकेलाही त्यानं पाणीच मागितलं, आणि तिनं ओला कापूस त्याच्या ओठांवरून फिरवला.

तिकडं माणूस गेला की जिथं त्याचं डोकं असायचं तिथं दहा दिवस दिवा ठेवतात आणि शेजारी पाणी. भांडं मात्र ज्याचं त्याचंच लागतं. मेलेल्याला आपलंच भांडं ओळखू येतं, परक्या भांड्याला तो तोंड लावत नाही, असं मानतात. रोज सकाळी पाणी किती उतरलं ते बायका वाकून पाहतात आणि तेवढ्यावर घरच्यांचं समाधान होतं. गोपालचं भांडं कोणतं, ह्यात कुणाला शंकाच नव्हती. चित्रच काढून ठेवलं होतं त्यानं. तोच तांब्या काठोकाठ भरून ठेवला, आणि दहा दिवसांत त्यातलं पाणी हललं नाही. चैत्राच्या उन्हात अंगणातली बादली एका दिवसात खाली जात होती, आणि तांब्यातलं पाणी काठाला टेकलेलं ते टेकलेलंच. दहाव्या दिवशी सोजरबाईनं उघड म्हणून टाकलं की पोट्टा रुसून गेला. मग रीतीप्रमाणं खाट, गादी आणि तांब्या गोसाव्याला दिला, आणि तो सारं घेऊन पैनगंगेपलीकडं निघून गेला. घरात राहिला तो कागदावरचा तांब्या.

वैशाखात अनुपसर आले. बाजारहत्नूरच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. त्यांचा आजा एके काळी जयवंताबाईच्या सासऱ्याच्या शेतात राबला होता, आणि नातू गोपालच्या बरोबरीनं भिंती रंगवत शिकून सर झाला होता. ती त्यांना अहो-जाहो करायची. ते तिला मावशी म्हणत. चित्रापुढं ते इतका वेळ उभे राहिले की चहावर साय धरली. मग ते तिला एकेक गोष्ट दाखवायला लागले. उजेड कुठून आला, पितळेवर तो कसा घसरला, पोच्यात जाऊन कसा मोडला. हे सारं तिला आधीपासून माहीत होतं, फक्त त्याला असं नाव देऊन सांगता येत नव्हतं. शेवटी त्यांनी तांब्याच्या काठावर बोट ठेवलं.

"तोंड पाहा, मावशी. नुसती रेघ हाये. म्हंजे काढनाऱ्याचे डोये बरोबर काठाच्या उंचीवर होते. निजून काढलं त्यानं. जरासा उठून पाह्यलं असतं तं तोंड उघडं दिसलं असतं, आतलं दिसलं असतं."

त्यांनी फोनवर चित्राचे चार-सहा फोटो घेतले आणि सांगितलं की दिवाळीनंतर आदिलाबादला प्रदर्शन आहे, तिथं हे चित्र लावू. प्रदर्शनाचं तिच्या डोक्यावरून गेलं. आतलं त्याला दिसलंच नव्हतं, एवढंच तिनं ऐकलं. म्हणजे तांब्या भरलेला आहे असं धरूनच तो गेला. आई पाणी लपवत होती, पण खोटं बोलत नव्हती, असं समजून गेला. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

आषाढात तिला पहिल्यांदा जाणवलं. तांब्याच्या तोंडाची रेघ जाड झाली होती. तिला वाटलं काचेला ओल आली असेल. पदरानं पुसली, तरी तशीच. पोळ्यापर्यंत रेघेच्या मधोमध फट पडली, ज्वारीचा दाणा उभा मावेल एवढी. फटीत काळं होतं. दसऱ्याला तिथं बोट मावलं असतं. आणि नुसतं तोंडच नव्हे, पोचा जरा खाली सरकला होता, बापाच्या नावाची ओळ वाकली होती, आणि स्टुलाची फळी आधी पट्टीएवढी दिसायची ती आता रुंद दिसत होती. चाळीस वर्षं ज्या हातांनी भांडं घासलं त्यांना फसवता येत नाही. अनुपसरांनी काठावर बोट ठेवून जे सांगितलं होतं ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. तांब्या हलला नव्हता. पाहणाऱ्याचे डोळे वर आले होते.

गोपाल उठत होता.

जिवंतपणी तो शेवटी-शेवटी मानही उचलू शकत नव्हता. आता रोज तसूतसूनं उठत होता, आणि कशासाठी उठत होता हे तिला सांगायला कुणी नको होतं. खाट होती त्या जागेवरून ती चालेनाशी झाली. भर दुपारी घरात येताना खोकून यायची. एकदा तिनं चित्र काढून भिंतीकडं तोंड करून ठेवलं. चार दिवसांनी धीर करून फिरवलं, तर चार दिवसांत जेवढं उघडायचं तेवढं तोंड उघडलं होतं. मेलेल्या पोराची तिला भीती वाटत होती असं कुणी समजू नये. तो आला असता तर तिनं त्याला कडेवर घेतलं असतं. भीती होती ती एकाच गोष्टीची. आणखी थोडं, आणि त्याला आत दिसणार. आईनं रोज तोंडावर सांगितलं ते खोटं होतं, हे त्याला मेल्यावर कळणार, आणि मेलेल्याची समजूत कोण आणि कशी काढणार?

दिवाळीनंतर अनुपसर मोटारसायकलवर आले तेव्हा चित्र तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून दारातच ठेवलं होतं. घेऊन जा म्हणाली, परत आणू नका म्हणाली. मग त्यांचा हात धरून म्हणाली, "सर, तुमाले येते. यात पानी काढून द्या. काठापर्यंत. आजच्या आज."

सरांना काही उमजलं नाही. त्यांनी लुगडं सोडलं. चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या आजीनं घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले होते, भुताखेताचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. पावसाळ्यात कागद फुगतो, असं ते म्हणायला लागले आणि मध्येच थांबले. कागद फुगला तरी पेन्सिलीच्या रेघा उठून दुसरीकडं जाऊन बसत नाहीत, हे मुलांना शिकवणाऱ्या माणसाला कुणी सांगायचं. त्यांनी फोन काढला, वैशाखातला फोटो चित्राशेजारी धरला. फोटोत रेघ होती. कागदावर दोन बोटं उघडं तोंड होतं, आतल्या पलीकडच्या भिंतीवर उजेड पडलेला दिसत होता. तळ तेवढा दिसायचा राहिला होता.

त्यांनी फोन खाली ठेवला. आणि मग जयवंताबाईनं कुणाला कधी न सांगितलेलं त्यांना सांगितलं. रिकामा तांब्या, ओली बोटं, रोजचं "भरला, लेका", सगळं. सांगताना ती एकदाही रडली नाही. आणि आता तो उठून आत पाहायला आला आहे, हे सांगताना मात्र तिनं चित्राकडं पाठ केली.

 अनुपसरांनी ते चित्र उजेडात धरलं आणि डोळ्यांजवळ नेलं, मुलांच्या वह्या तपासताना नेत तसं. पुष्कळ वेळ पाहत राहिले. वैशाखात ते थेंबांची वाहवा करून मोकळे झाले होते. आता ते थेंब मोजल्यासारखे पाहत होते.

"मावशी, पोटाच्या खालच्या अंगाले पाहा. तांब्या जिथून आत वयते तिथं. एक तरी थेंब हाये का?"

तिनं पाहिलं. वरती गळ्यावर होते, खांद्यावर होते, फुगीर पोटावर होते, दोन-चार तर स्टुलाच्या फळीवरही पडले होते. खालच्या वळणावर एकही नव्हता. तिथलं पितळ खडखडीत कोरडं होतं.

"गार पान्यानं घाम आला असता तं खालून बी आला असता, खालून तं जास्तच," सर म्हणाले. "हे वरून शिंपडेल पानी हाये. गोपालनं जसं दिसलं तसंच काढलं. सव्वा महिना पाहून काढलं. त्याले माहीत होतं, मावशी. पयल्या दिवसापासून माहीत होतं."

तिनं त्या कोरड्या जागेवरून काचेवर बोट फिरवलं.

"मंग तो रोज काऊन इचारे, भरला का म्हणून?"

"तुमाले बरं वाटावं म्हणून."

आता मात्र तिला रडू फुटलं. ती आठ महिने ज्याला फसवल्याचं ओझं वाहत होती, तो तिलाच सांभाळत होता. घसा वाळलेला, जीभ टाळूला चिकटलेली, आणि रोज सकाळी आईला विचारत होता की भरला का, आणि तिनं खोटं सांगितलं की म्हणत होता आता बरं वाटते. एवढं समजूतदार पोर पोटी आलं आणि त्याला घोटभर पाणी देता आलं नाही, ह्याचं रडू होतं ते. अनुपसरांनी तिला रडू दिलं.

 रडता रडता तिला ते दहा दिवस आठवले. गावानं म्हटलं गोपालचंच भांडं पाहिजे, आणि तिनं गोपालचंच भांडं ठेवलं. पण गोपालला ते भांडं कोरडं म्हणूनच ठाऊक होतं. दहा दिवस तो उशाशी आला असेल, ओळखीचा तांब्या पाहिला असेल, आणि आईनं आपल्यासाठी पुन्हा शिंपडून ठेवला असं समजून तसाच मागं फिरला असेल. पाणी काठाला टेकलेलं होतं. वाकून पाहायची त्याला सवयच नव्हती. दुसरं कोणतंही भांडं ठेवलं असतं, एखादं फुटकं डबडं ठेवलं असतं, तरी तो प्याला असता. तिनं रीत पाळली आणि त्याला तहानेलाच पाठवला.

चित्र तिनं सरांच्या हातातून परत घेतलं. प्रदर्शनाला देणार नाही म्हणाली. सरांनी आग्रह केला नाही. जाताना त्यांनी विचारलं, की चार दिवस कुणी सोबतीला येऊ दे का. ती म्हणाली, सोबत आहे.

ते गेल्यावर तिनं खिळ्यावर चित्र लावलं आणि पहिल्यांदा त्याच्याशी मोठ्यानं बोलली. "गोपाल, मी खोटं बोलत होती, तुले ठावं होतं. पन तू गेल्यावर दहा दिवस तो भरेल होता. आता खोटं नाई, लेका. उठ अन् पाह्य."

त्यानंतर तिची घाई काय सांगावी! ज्या तोंडाच्या उघडण्यानं तिचा जीव जायचा, ते आज किती उघडलं हे पाहायला ती कोंबड्याच्या आधी उठू लागली. शेतात कापूस फुटून लोंबत होता, वेचायला बाया मिळत नव्हत्या, आणि ही घरात चित्रापुढं बसून. सोजरबाई दोनदा येऊन बोलून गेली. पाचव्या दिवशी सकाळी तांब्याचं तोंड उघडं वाटोळं झालं होतं, आणि आत पाणी होतं. काठाला टेकलेलं, शांत, खिडकीचा चौकोन त्यात उलटा पडलेला. दुपारी ती भाकर थापून आली तेव्हा पाणी गळ्याच्या खाली गेलं होतं. दिवेलागणीला तळ दिसला, तिच्याच घासण्याचे गोल ओरखडे उमटलेला, आणि कोरडा.

तिनं हात जोडले. घरात काही हललं नाही, आवाज आला नाही, पण खाट होती त्या जागेवरून ती चालत गेली आणि तिला काही वाटलं नाही. झालं, तृप्त झाला, आता चित्र जसं आहे तसं राहील, असं तिनं धरलं.

चित्र राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तांब्या आणखी लहान झाला, कागदावर आणखी खाली सरकला. उभ्या माणसाला खालचं भांडं दिसतं तसा दिसू लागला. आणि मागं जो कोरा कागद होता तिथं फिक्या रेघा उमटायला लागल्या होत्या. तिला आधी वाटलं चाळणी. मग तिनं ओळखलं की ती चटईची वीण आहे. स्टुलाच्या पलीकडं ती चटई टाकून निजायची, रात्री त्याचा हात पाण्याकडं गेला तर जाग यावी म्हणून. चटईचा एक कोपरा उसवलेला होता, तोही आला.

तिसऱ्या दिवशी चटईवर पाऊल आलं. टाच भेगाळलेली, आणि भेगा एकेक करून काढलेल्या, तांब्याचा पोचा काढला होता तेवढ्याच सबुरीनं. मग लुगड्याचा काठ, गुडघा, कोपर. दुपारपर्यंत रेघा खांद्याशी आल्या. हाताची बोटं स्पष्ट झाली होती, आणि ती ओली होती. खांद्याच्या वर कागद अजून कोरा होता.

बाहेरून सोजरबाईनं हाक मारली. जयवंताबाईनं ओ दिली नाही. तिला भीती वाटली, ते नाकारण्यात अर्थ नाही. तांब्याकडं त्यानं सव्वा महिना पाहिलं होतं, डाग न् डाग उचलेपर्यंत नजर काढली नव्हती. आता तो उभा होता आणि तिच्याकडं पाहत होता.

तिनं दार लोटलं, चटई आणली आणि जुन्या जागी टाकली. खाट होती त्या बाजूला तोंड करून ती कुशीवर निजली. कपाळावरचे केस मागं सारले, पदर चेहऱ्यावरून काढला, डोळे उघडे ठेवले आणि हलली नाही.